रशियाचा बूट आणि माझे हात

दीपक भैयानं तो बूट माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला. काळा, लष्करी, अर्ध्या पोटरीपर्यंत येणारा. नखासच्या जुन्या बाजारातून आणलेला. शेजारी ब्रश ठेवला, पॉलिशची डबी ठेवली आणि म्हणाला, "तुम बैठोगे. तुम्हारे हाथ से असली लगेगा."

लखनौच्या अलीगंजमधली त्याची भाड्याची खोली. आम्ही सातजण, सगळे विद्यापीठातले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. मी विचारलं, "हमारे ही हाथ से क्यों?"

तो जरा ओशाळला. "अरे, अविनाश बता रहा था... तुम्हारे यहाँ यही काम होता है न. इसमें शरम की क्या बात है."

अविनाश खिडकीतून खालच्या स्कूटरी बघत होता.

ऐंशी सालची थंडी होती. रशियाचे रणगाडे अफगाणिस्तानात शिरले होते. कितीतरी देश निषेध करत होते आणि आपलं सरकार तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. रशिया मित्र ना. मित्राला बोलायचं कसं? माझ्या वर्गात नादिर नावाचा काबूलचा मुलगा होता. त्याला घरून पत्र येईना. रोज टपाल बघून यायचा आणि माझ्या शेजारी बसून, वही उघडी ठेवून, एक अक्षर न लिहिता तास काढायचा. कुणीतरी कुणाच्या घरात घुसतो आणि शेजारी बघून न बघितल्यासारखं करतो, हे मला वर्तमानपत्रातून शिकायची गरज नव्हती. निषेधाचं पत्रक मीच लिहिलं. एका बैठकीत लिहिलं.

बूट पॉलिशची कल्पना दीपक भैयाची. तो पीएचडी करायचा, आमच्यात मोठा, आमचा पुढारी. हजरतगंजात गर्दीच्या वेळी एकानं गळ्यात 'भारत सरकार' अशी पाटी घालून फुटपाथवर बसायचं आणि सगळ्यांदेखत रशियाचा बूट चमकवायचा. सगळ्यांना आवडली. मलाही आवडली, खोटं कशाला सांगू. मग प्रश्न आला, बसणार कोण. एकाच्या मामाचं तिथंच दुकान होतं. एकाची सोयरीक ठरत होती. दीपक भैयाला भाषण करायचं होतं. अमेरिकेला आणि रशियाला एका दमात शिव्या घालणारे हे वाघ, एका ब्रशला हात लावायची वेळ आली तसे मागं सरकले. तेव्हा अविनाशला माझी आठवण झाली.

लखनौत माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नसे. तिथल्या लोकांना आमची आडनावं सगळी सारखीच. मला ते 'मराठा' म्हणायचे, शिवाजी महाराजांच्या मुलखातला म्हणून पाठीवर थाप मारायचे. माझ्या वडिलांना, दादांना, या शहराचं एवढंच आवडायचं. ते रेल्वेत फिटर. बार्शीकडचं गाव सोडून इतक्या लांब आले ते नुसते नोकरीसाठी नव्हे. आजोबा गावात वहाणा शिवायचे. दादांचाही हात त्यात बसलेला. मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ते रविवारी आतून कडी घालून आमचे बूट चमकवायचे. शेजारणीनं भाजीची वाटी घेऊन दार वाजवलं तर आधी डबी पलंगाखाली जायची. "इथं कुणाला सांगायचं नाही," एवढंच ते म्हणायचे.

मराठी माणसाला मात्र आडनाव कळायचं. अविनाशचे वडील त्याच कॉलनीत मोठे इंजिनिअर. एकदा गणपतीला मी त्यांच्या बंगल्यावर गेलो होतो. त्याच्या आईनं विचारलं, "कुठले रे तुम्ही?" बार्शीकडचे. "वडील काय करतात?" रेल्वेत आहेत. "आणि आजोबा?" तिसऱ्या प्रश्नात बाई आजोबांच्या चामडं कापायच्या रापीपर्यंत पोहोचल्या. मोदक दिला, गोड बोलल्या. अविनाश तिथंच उभा होता. दोन वर्षं त्यानं ते स्वतःपाशी ठेवलं. मला वाटत होतं, मैत्रीपोटी.

त्या खोलीत मी नाही म्हणालो नाही. हे लिहितानाही मला माझाच राग येतो. मी म्हणालो, "ठीक है." वाटलं, नाही म्हटलं तर म्हणतील, तिकडे माणसं मरताहेत आणि हा जात घेऊन बसला. आणि खरं तर नाही म्हणायची सवयच नव्हती. आमच्या घरात ती कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हजरतगंजात पोहोचलो. एका कापडाच्या दुकानासमोरची जागा दीपक भैयानं हेरली होती. ऊन चांगलं यायचं, येणारा-जाणारा थांबायचा. पण ती जागा एका म्हाताऱ्या मोच्याची होती. त्याला उठवलं होतं. त्याची लाकडी पेटी मात्र ठेवून घेतली होती, आमच्या देखाव्याला हवी म्हणून. म्हातारा खांद्यावर कांबळं घेऊन विजेच्या खांबाला टेकून उभा होता.

मी जवळ गेलो. "चाचा, आपको हटाया?"

"हाँ बाबू. कहा, दो घंटे." मग त्यानं विचारलं, "ये सब काहे के लिए है?"

मी सांगू लागलो. एका मोठ्या देशाची फौज दुसऱ्याच्या देशात घुसून बसली आहे, आपलं सरकार गप्प आहे, त्याच्या विरोधात. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अच्छा," तो म्हणाला. "तो हम कब बैठें?"

तेवढ्यात अविनाशनं हाक मारली. त्यानं पाटी माझ्या गळ्यात घातली आणि मी बसलो. होय, तरीही बसलो. लोक जमले. रिक्षावाले थांबले, बायका पिशव्या सावरत थांबल्या. दीपक भैयाचा आवाज चढला. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "देखिए, हमारी सरकार कितना नीचे गिर गई है. मोची बन गई है, मोची!"

या वेळी लोक हसले.

नीचे. म्हणजे मी. म्हणजे दादा. म्हणजे तो खांबाला टेकलेला म्हातारा. सरकारची नाचक्की करायला यांना आमच्याहून खालचं काही सापडलंच नव्हतं. आमच्या हाताला कुणी हसलं नाही तर यांचा देखावाच उभा राहत नव्हता.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. बूट पायात नसला की आत मूठ घालून धरायचा असतो, म्हणजे चामडं दबत नाही. मी नकळत, दादांसारखा, तसा धरला होता. त्याला कळलं होतं मी कोण ते.

मी मूठ बाहेर काढली. ब्रश खाली ठेवला. पाटी काढली आणि उभा राहिलो.

"दीपक भैया, आप बैठिए."

"क्या हुआ?"

"सरकार आप जैसों की है. शरम भी आप ही दिखाइए. हम जूता साफ करने को गिरना नहीं मानते."

अविनाश पुढं आला. मी त्याच्याशी मराठीत बोललो. तिथं ते फक्त आम्हा दोघांनाच कळणार होतं. "माझी जात यांना तू सांगितलीस. आता मी काय म्हणालो तेही नीट समजावून सांग. नाहीतर तू बस."

त्यानं उत्तर हिंदीत दिलं. "यार, सीन मत बनाओ."

दीपक भैया म्हणाला, "काबुल में लोग मर रहे हैं और तुमको अपनी पड़ी है."

"काबूलचं पत्रक मी लिहिलंय," मी म्हणालो, हेही मराठीतच, रागानं हिंदी सुचेना. पेटी उचलून म्हाताऱ्याला दिली. त्यानं आभार मानले नाहीत. आपल्या जागेवर आला, कांबळं अंथरलं आणि बसला. मी 'काबुल पर चुप क्यों' असा फलक घेतला आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. बाकीचे थोडा वेळ घुटमळले आणि एकेक करून गेले. अविनाश सगळ्यात आधी गेला.

पोलीस आले तेव्हा फलक धरून मी एकटा होतो. चौकीत नोंदी लिहिणाऱ्या मुंशीनं रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, पत्ता. मग न बघताच म्हणाला, "मराठा हो न?"

एक 'हाँ' म्हटलं असतं तर भागलं असतं. दादांनी एवढी वर्षं तेच तर कमावलं होतं.

"नहीं. चांभार. जूते बनाने वाले."

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, लिहिलं. खुर्चीकडे हात करणार होता, तो हात परत घेतला.

संध्याकाळी दादा आले. कॉलनीतल्याच एका ओळखीच्या साहेबाला घेऊन, कारण एकट्याचं कोण ऐकणार? साहेबानं रजिस्टर वाचलं. दादांनी साहेबाचं तोंड वाचलं. परतताना सायकल हातात धरून ते चालत होते. कॉलनी जवळ आली तसे म्हणाले, "काय गरज होती? सुखानं चाललं होतं."

"सुखानं नव्हतं चाललं, दादा."

आठ दिवसांत शेजारच्या भाजीच्या वाट्या बंद झाल्या. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. नादिरला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याचं पत्र तेव्हाही आलेलं नव्हतं.

मी रस्त्यावर उतरणं सोडलं नाही. पुढं सात वर्षांनी आपल्याच सरकारनं समुद्रापलीकडे सैन्य धाडलं तेव्हाही उतरलो. पण तेव्हापासून कुठल्याही मोर्चात जाण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. इथं बसायला कुणाला उठवलंय? आणि घाणेरडं वाटणारं काम कुणाला दिलंय? लोक वैतागतात. वैतागू देत. माझं सरकार कुणाच्या रणगाड्यापुढं गप्प बसलं तर मी बोलणार. आणि माझ्या शेजारी घोषणा देणारा मला खाली बसवू लागला, तर आधी त्याच्याशी बोलणार.