गुरुवारचा डबा

नाशिकला लोक देवदर्शनाला जातात, द्राक्षं खायला जातात, नाहीतर कुणाचं तरी पिंडदान करायला जातात. मी बायकोच्या मैत्रिणी बघायला गेलो. मैत्रिणी तरी कसल्या! तिनं स्वतःही त्यांच्यातल्या एकीचंसुद्धा तोंड पाहिलेलं नव्हतं.

झालं असं, की मुलगा नोकरीला बंगळूरला गेला आणि जाताना स्वतःचा कॉम्प्युटर आमच्या उरावर ठेवून गेला. आईला मेल कशी पाठवायची तेवढं शिकवलं त्यानं. आई बहाद्दर! दोन महिन्यांत तिनं इंटरनेटवर ‘ओटा’ नावाचा बायकांचा ग्रुप शोधून काढला. अकोला, बेळगाव, मस्कत, न्यू जर्सी, कुठकुठल्या बायका तिथे रोज लिहायच्या. काय लिहायच्या? आज घेवडा केला. कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली. सासूबाई चक्क म्हणाल्या की चहा बरा झालाय. बस. एवढं कळवण्यासाठी माणसानं म्हणे समुद्राखालून तारा टाकल्या.

माझी याला हरकत नव्हती. भानगड फोनची होती. इंटरनेट चालू असलं की आमचा फोन एंगेज, आणि मला तर फोनची फार गरज होती. मी भोसरीला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. होतो म्हणायचं कारण, गणपतीच्या तोंडावर गेटला टाळं लागलं आणि तेव्हापासून मी घरी. ठिकठिकाणी अर्ज टाकलेले. कुणीतरी फोन करील म्हणून मी दिवसभर फोनची राखण करत बसायचो, आणि मंदा, म्हणजे माझी बायको, त्याच तारेवरून मस्कतला घेवडा कळवत असायची. कडाक्याची भांडणं झाली. शेवटी सांगून टाकलं, महिनाअखेरीला कनेक्शन बंद.

“करा,” ती म्हणाली. “पण त्याआधी एकदा नाशिकला चला. ओट्यावरच्या शैलानं सगळ्यांना बोलावलंय. एकदा सगळ्यांना डोळ्यांनी बघू दे, मग करा काय करायचं ते.”

फाशीच्या कैद्यालाही शेवटची इच्छा विचारतात. म्हटलं, चल बाई.

बेत शनिवारचा होता, कारण शैलाचे यजमान अंबडच्या कारखान्यात, आणि नाशिकच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारी. ज्यांचा जन्म बँकेत गेला त्यांच्यासाठी सांगतो, एमआयडीसीत रविवार वगैरे लाड नसतात. विजेचा भार वाटला जावा म्हणून दर भागाची सुट्टी वेगळी. नाशिकला शनिवार, आमच्या भोसरीला गुरुवार. आमच्याकडे मुलगी बघायला जायचं तेही गुरुवारी.

सकाळी नाशिक फाट्यावर एसटी पकडली. मंदाच्या मांडीवर कैरीच्या लोणच्याची बरणी होती, ओट्यावरच्या मंडळींची खास फर्माईश. नारायणगावपर्यंत ती तिच्या मांडीवर राहिली. मग “जरा धरता का, पाय अवघडले” करत माझ्या मांडीवर आली. चंदनापुरीच्या घाटात ड्रायव्हरनं असं काही वळण मारलं, की बरणी जागेवर राहिली आणि तेल माझ्या पँटीवर आलं. संगमनेरला चहाला उतरलो तर कंडक्टर जवळ येऊन नाक वर करून उभा.

“काका, कैरी का लिंबू?”

“कैरी.”

“वास लय भारी हाय,” असं म्हणून तो समाधानानं वडापाव खायला गेला. पँट घासायला पाणी दे म्हटलं तर हॉटेलवाल्यानं जग उचलून आत नेला.

सिन्नर सोडलं की हवा बदलते. फेब्रुवारीचे दिवस होते. रस्त्याकडेला द्राक्षांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या, आणि दर पाटीपाशी एकेक मोटारवाला उभ्या उभ्या चव बघता बघता पोट भरून घेत होता. नाशिक रोडच्या पुढे गर्दी लागली. द्वारका चौकात उतरून आम्ही सिडकोची रिक्षा केली. मंदा सारखी केसांवरून हात फिरवत होती. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हासुद्धा ती एवढी घाबरलेली नव्हती. मला उगाच बरं वाटलं. म्हटलं, बघ आता, जमिनीवर येशील.

शैला पगारे शाळेत मास्तरीण. सिडकोत पहिल्या मजल्यावर घर, दाराला झेंडूचं तोरण. बेल दाबायच्या आतच दार उघडलं आणि आतून सात-आठ बायकांचा गलका उठला.

“अगं बाई, स्वारी आली!”

“आणि पँटीवर तेल! तेल बघा!”

“मंदे, तू लिहितेस तश्शीच आहे गं स्वारी!”

टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, चक्क टाळ्या. मी उंबऱ्यातच उभा. तिथे मला पहिल्यांदा उमगलं, की आमच्या घरच्या घेवड्याबरोबर मीही रोज मस्कतला जात होतो. या अनोळखी बायकांना माझं सगळं ठाऊक होतं. बिस्किट चहात बुडवून मी गप्पा मारत बसतो आणि मग ते चमच्यानं काढावं लागतं, हे ठाऊक. थंडीत कानटोपी घालून झोपतो, हे ठाऊक. एकदा, फक्त एकदा, मी पोळीची जाडी मायक्रोमीटरनं मोजली होती. तेही ठाऊक! बेळगावच्या बाईंनी तर विचारलं, “भावोजी, मायक्रोमीटर आणलाय का? पुऱ्या करायच्या आहेत.”

सटाण्याच्या कमलताईंना तेवढी माझी दया आली. “काय भाऊ, बरं शे ना?” (बरं आहे ना?) असं विचारून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी मंदाकडे बघितलं. ती बरणी पुसण्यात गुंग झाली होती.

मग मिसळ आली. नाशिकची मिसळ म्हणजे पापड हवाच, त्याशिवाय इथे कुणी चमचा उचलत नाही. काळ्या मसाल्याच्या रश्शानं माझ्या नाका-डोळ्यांतून धारा लागल्या, पण मी हटलो नाही. दुसऱ्यांदा रस्सा घेत होतो तेवढ्यात शैला म्हणाली, “भावोजी, नोकरीचं काय म्हणता? साहेबानं आज रजा दिली म्हणजे नवलच. मेला फार खडूस आहे ना तुमचा साहेब?”

घास हातातच राहिला. कसला साहेब आणि कसली रजा?

“आणि परवा डबा कंपनीच्या बसमध्ये विसरलात ना?” बेळगावच्या बाई पुढे सरसावल्या. “भरली वांगी! डबा वॉचमनला सापडला आणि गेटवर बसून त्यानं सगळी वांगी खाल्ली! मी ते आमच्या यांना वाचून दाखवलं, हसून हसून पुरेवाट झाली आमची!”

मी पुन्हा मंदाकडे बघितलं. या वेळी ती बरणी पुसत नव्हती. माझ्याकडेच बघत होती, आणि तिचे डोळे मला सांगत होते, अहो, पाया पडते.

तेव्हा ध्यानात आलं. गणपतीच्या तोंडावर माझी नोकरी गेली होती, पण ओट्यावर गेली नव्हती. तिथे मी रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होतो. टाळं लागलेल्या कारखान्यात मंदा मला रोज पाठवत होती.

राग आला. सपाटून आला. एका वाक्यात तिचं भांडं फुटलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. पण तेवढ्यात तिनं स्वतःच्या बशीतला पापड उचलून माझ्या बशीत ठेवला.

“वांगी गेली ती गेली,” मी म्हणालो, “पण त्या वॉचमननं डबा विसळूनसुद्धा दिला नाही हो.”

हशा! मग मी सुटलोच. साहेबाची नक्कल केली. वॉचमनला गावी एक म्हैस दिली आणि तिला आजारी पाडलं. नसलेल्या कारखान्यातून मी अर्धा तास हलायला तयार नव्हतो. फार दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाचं काही विचारत होतं.

जेवणं झाल्यावर पगारे भाऊंनी स्कूटर काढली. “चला, तुम्हाला गंगेवर नेतो.” (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) हा माणूस अंबडला मशीनवर, बोलणं बेतास बात. रामकुंडापाशी मला सोडून ते पायऱ्यांवर टेकले. “आपला या पूजाविधींशी संबंध नाही. मी इथं येतो ते पाहुण्यांसाठी, नाहीतर भेळीसाठी.”

मी पँटीला पाणी लावायला वाकलो, तोच एक गुरुजी पाठीशी येऊन उभे राहिले. “कुठलं गाव? आडनाव काय? कुणाचं करायचंय?”

“नको, काही करायचं नाही.”

“इथवर आलात म्हणजे कुणाचं तरी असणारच. वडिलांचं? आईचं?”

“नोकरीचं!” मी खेकसलो. “गणपतीत वारली. आहे काही विधी?”

गुरुजी माझ्याकडे आणि पँटीकडे बघत लांब गेले. मी जीभ चावली. पगारे भाऊ ऐकत होते. माझं मघाचं सगळं नाटक त्या घाटावर पाण्यात गेलं होतं.

“बसा,” ते म्हणाले. भेळेचा पुडा त्यांनी माझ्यापुढे धरला. “आम्हाला माहितीये.”

“काय माहितीये?”

“कारखाना बंद झाल्याचं. शैलानं दिवाळीतच ओळखलं. वहिनींनी तुमचा डबा गुरुवारी विसरवला. एकदा नाही, दोनदा. आता भोसरीला गुरुवारी कोण जातं डबा घेऊन? शैलाचं निम्मं आयुष्य माझ्या सुट्ट्या आणि शिफ्टा सांभाळण्यात गेलंय, तिला लगेच खटकलं. मला म्हणाली, या बाईला गुरुवार कळेनासा झालाय, म्हणजे हिच्या घरी सगळेच वार सारखे झालेत.”

मी भेळेचा पुडा खाली ठेवला. “मग त्या सगळ्या…?”

“सगळ्यांना माहितीये. शैलानंच एकेकीला सांगून ठेवलंय, कुणी कळल्याचं दाखवायचं नाही. डबा आला की हसायचं.” त्यांनी हाताला लागलेले चुरमुरे झटकले. “आमच्याकडं टाळं लागलं होतं तेव्हा मी शेजाऱ्यांना नाइट शिफ्ट सांगायचो. रोज संध्याकाळी कपडे करून निघायचो आणि इथं येऊन बसायचो. या पायरीवर. शैला डबासुद्धा द्यायची हो.”

समोर बायका कपडे आपटत होत्या. मी रडलो. उगाच कशाला लपवू? तोंड धुण्याचं निमित्त केलं, पण ते पगारे भाऊंना पटलं असेल असं वाटत नाही. नंतर त्यांनीच आणखी एक भेळ सांगितली, तिखट.

परतीच्या बसला मंदाच्या मांडीवर द्राक्षांची पेटी आणि कमलताईंनी दिलेलं मेतकूट होतं. सिन्नरपर्यंत ती पेटीची दोरी सोडत-बांधत राहिली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “रागावलात?”

“सगळी वांगी वॉचमनला दिलीस हे काही पटलं नाही.”

ती हसली, आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. “तुम्ही घरी बसलात हे मला लिहवेचना हो. तुम्ही फोनपाशी बसलेले असायचात, मला ते बघवायचं नाही. मग तिकडे जाऊन तुम्हाला कामावर पाठवायची. तेवढाच वेळ बरं वाटायचं.”

मी पेटी माझ्या मांडीवर घेतली. ओट्यावरच्या साऱ्या बायकांना सगळं ठाऊक आहे, हे तिला सांगणं माझ्यानं झालं नाही. चंदनापुरीच्या घाटात ड्रायव्हर परत सकाळसारखाच वळला. द्राक्षं मात्र एक सांडू दिलं नाही मी.

महिनाअखेर आली. कनेक्शनचं मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. एके दिवशी सकाळी ती कॉम्प्युटरपाशी बसली, मॉडेमनं रोजच्यासारखा गळा काढला, फोन एंगेज झाला. मी चहा घेऊन मागे उभा राहिलो. ती टाइप करत होती, ‘आज स्वारी घाईघाईत निघाली आणि डबा…’

“मंदा,” मी म्हणालो, “आज गुरुवार आहे.”

तिची बोटं थांबली. वळून माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे. तिचे ओठ हलत होते, एकेक गुरुवार आठवून बघत असावी. मग हात तोंडावर गेला. “अगं बाई! म्हणजे त्यांना…”

“सगळ्यांना. दिवाळीपासून.”

“आणि तरी हसत होत्या?”

“तरी हसत होत्या.”

ती पडद्याकडे वळली. मग लिहिलेलं सगळं पुसलं, आणि तीन शब्द लिहायला तिला माझा चहा गार होईपर्यंत वेळ लागला. ‘स्वारी घरीच असते.’ पाठवलं आणि उठून सरळ ओट्यापाशी जाऊन वांगी चिरायला लागली. दुपारपर्यंत ती कॉम्प्युटरच्या वाटेला गेली नाही. दुपारची जेवणं उरकल्यावर मीच तो चालू केला, तेव्हा शैलाचं उत्तर येऊन पडलं होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

‘माहीत आहे गं. आजची भाजी कशी झाली ते स्वारीला विचारून लिही.’

मंदा दाराशी उभी होती, हात भांडी घासून ओले. “लिहा की,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहा आज.”

फोन एंगेज होता. असू दे म्हटलं. एका बोटानं शोधत शोधत मी ओट्यावर माझं पहिलं वाक्य लिहिलं, ‘भरली वांगी. मीठ जरा जास्त.’