अण्णांची मॉरिस आणि दुजेची कोर

धर्मराज मिस्त्रीच्या गॅरेजात इंजिनाखालचं रबर गेलेली गाडी आली की तो आधी जुन्या टायरचा तुकडा कापून घालतो, गाडी चालती करतो. नवा माल मागाहून. गिऱ्हाईक हसतं, "मिस्त्री, हे ठिगळ कशाला?" धर्मराज म्हणतो, "आज कुठं जायचं असलं तर?"

पूर्वी तो असा नव्हता. कल्याणच्या लष्करी छावणीत तो काम शिकला. छावणी उठली, तिथे निर्वासितांचं उल्हासनगर वसलं, आणि धर्मराजने अंबरनाथला चिंचेखाली गॅरेज मांडलं. छावणीची शिस्त हातात राहिली. ठिगळ त्याला खपत नसे.

त्रेपन्न सालच्या दिवाळीत कारखान्यातून निवृत्त झालेल्या अण्णांची जुनी मॉरिस त्याच्याकडे आली. इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशनची रबरं विरली होती. गाडी सुरू केली की इंजिन पिंजऱ्यातल्या जनावरासारखं उसळे.

"भाऊबीजेला कुळगावला जायचंय, उमाकडे," अण्णा म्हणाले. "पाच वर्षांनी."

आईच्या आजारपणात बहीणभावाचं बिनसलं होतं. आता अण्णांनीच पडतं घेऊन निरोप धाडला होता, गाडी घेऊन येतो म्हणून. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय उचलत नव्हता. टांगा, आगगाडी, काहीच जमण्यातलं नव्हतं.

"भाऊबीजेच्या सकाळी गाडी दारात, हाकायलाही मीच," धर्मराजने शब्द दिला. मुंबईच्या दुकानातून रबरं मागवली, जुनी काढून टाकली, इंजिन ओंडक्यावर टेकवून ठेवलं. तो पालेगावच्या शेतकऱ्याच्या घरातला, बाजारपेठेच्या रिवाजाची सवय नसलेला. दिवाळीत दुकानं कुलपात जातात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी अण्णा काठी टेकत गॅरेजपर्यंत आले. अंगात इस्त्रीचा कोट, काखेत साडीचा पुडा.

"टायरचा तुकडा घाल की रे. कुळगाव काय विलायतेला आहे?"

"दणके बसतील, अण्णा."

"बसू देत. म्हाताऱ्या हाडांना सवय आहे."

"तसलं काम माझ्या हातनं व्हायचं नाही. संध्याकाळपर्यंत माल येतो बघा."

अण्णा बाकावर बसून राहिले. ऊन चिंचेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. माल आला नाही.

तो आला दुसऱ्या दिवशी. धर्मराजने रबरं बसवली आणि स्वतःच गाडी हाकत अण्णांना कुळगावला नेलं. इंजिन इतकं शांत, की ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या उमाबाईंना गाडी दारात थांबेपर्यंत कळलं नाही.

"ये, अण्णा. पाय कसा आहे?" परक्या पाहुण्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं. चहा केला. अण्णांनी साडी पुढे केली.

"काल दिवेलागणीपर्यंत पाट मांडून ठेवला होता," उमाबाई म्हणाल्या. "मग दुजेची कोर दिसली. ओवाळलं चंद्राला."

ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. धर्मराजची आईही ओवाळायची. तो कपबशी ओट्यावर ठेवून गाडीपाशी गेला.

"उमा, गाडी..." अण्णांचा आवाज आला.

"असू दे. साडी पुढच्या वर्षी आण. सणाला."

परतताना साडीचा पुडा अण्णांच्या मांडीवर तसाच होता. वाटेत ते म्हणाले, "काम चोख झालंय हो, धर्मराज."

धर्मराजने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. कणभर थरथर नव्हती.