तहसीलच्या पायरीवरचा फौजी

काही प्रकरणं फाईल बंद झाली तरी मिटत नाहीत. हे त्यातलंच. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी तिथल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून वाळायचा होता आणि विहिरी केव्हाच वाळल्या होत्या.

सकाळची हजेरी चालू असताना एक एसटी कंडक्टर ठाण्यात आला. त्याच्या मार्गावरच्या गावातून निरोप होता: सुट्टीवर आलेला एक जवान आज वर्दीत तहसीलसमोर सभा घेणार आहे, त्याला अडवा. निरोप कुणाचा, ते काही तो सांगेना.

मी पोचलो तेव्हा जवान पायरीवर उभा, छातीवर पदकं, आणि समोर रिकाम्या घागरी घेऊन बसलेलं गाव. झोकात प्रवेश करायची हौस मलाही होती. मिशीला पीळ देत मी जीपमधून उतरलो. गाव असं काही पांगलं, की जवानाचं वाक्य पुरं होईतो समोर उरल्या नुसत्या घागरी.

ठाण्यात त्याला विचारलं, वर्दीत सभा चालत नाही हे ठाऊक नव्हतं का?

"ठाऊक हाय, साहेब. साध्या कपड्यात लई खेटे घातले, टँकर न्हाई आला. गाव म्हणलं, वर्दी घाल, मग ऐकतेत."

"मग गाव कुठं गेलं?"



गुन्हा नोंदवला तर पलटणीला कळवावं लागणार. म्हणजे नोकरीवरच गदा. मी पेन हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात त्याची आई दारात आली. काखेत गाठोडं, त्यात सदरा-पायजमा. गाव बसने बरंच लांब, आणि त्याला ठाण्यात आणून मागवलेला चहाही अजून गार झाला नव्हता. म्हणजे लेकाला पोलीस नेणार, हे बाईला घरून निघतानाच माहीत होतं. माझ्याआधी ते लेकाच्या ध्यानात आलं.

"माय, तूच कळवलंस?"

"हाव. नोकरी गेल्यावर गाव येणार हाय का तुला पुसायला?"

मी समज देऊन सोडलं. त्याने मुकाट्याने कपडे बदलले.

टँकर आला, पण त्याची रजा संपल्यावर. कंडक्टर सांगत होता, निघताना तो आईशी बोललाच नाही.

फौजीने सरकारी कचेरीसमोर सभा घेऊ नये, असं मी आजही म्हणतो. वर्दी बोलायला लागली की समोरचा पटून ऐकतोय की भिऊन, ते कळत नाही. पण सदरा-पायजम्यातल्या त्याच माणसाचं कचेरीने एकदा ऐकलं असतं, तर एका आईला लेकाची चुगली करावी लागली नसती.