ती कळ मी सांगितली नव्हती

भूतखेत ऐकलं की मी हसून सोडून देते. लेबर रूममध्ये नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर भीती फक्त नातेवाईकांची वाटते, असं मी सगळ्यांना सांगायचे. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाळंतपणात घडलं... तेही भर दुपारी.

आचोळ्यातलं आमचं छोटं नर्सिंग होम. माझी बहीण हर्षला पार थकली होती, तिला जोर लावता येत नव्हता. बाळाचे ठोके कमी होत होते. डॉक्टर मॅडमनी व्हॅक्यूम लावायचं ठरवलं — बाळाच्या डोक्याला कप चिकटवून ओढायचं, पण कळ असतानाच. आमच्याकडे सिस्टर पोटावर हात ठेवते आणि पोट कडक झालं की "आली" म्हणते. मॅडमचं लक्ष खाली असतं, त्या आवाजावरच ओढतात.

"आली!"

मॅडमनी ओढलं. कप सुटला.

माझ्या हाताखाली पोट मऊच होतं... आणि मी बोललेच नव्हते! वाटलं, घाईत तोंडून गेलं असेल. कप परत लावला. परत "आली!" — परत सुटला. आवाज माझाच, पण माझ्या मागून.

"अगं, कळ नसताना काय सांगतेस?" मॅडम ओरडल्या. "आता शेवटचं. नाहीतर सिझर." भूल देणारे डॉक्टर अजून वाटेत होते आणि ठोके आणखी खाली गेले होते.

"ताय, मना नाय जमत गो," हर्षला रडत होती.

"मॅडम, आता मी बोलणार नाही. हात वर करेन. माझ्याकडे बघा," म्हटलं आणि एका हाताने तोंड घट्ट दाबून धरलं.

"आली! ओढा मॅडम, ओढा!"

मॅडम माझ्या दाबलेल्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मी मान हलवली — नाही. आवाज थांबेना. मग हाताखाली पोट खरंच कडक झालं आणि मी तोंडावरचा हात वर केला. बाळ आलं. जरा वेळाने रडलंही.

आता मॅडम सगळ्या सिस्टरना हातानेच खूण करायला लावतात.

भाचा कळंबला असतो, चालायला लागलाय. माझी हाक ऐकली की किंचाळतो. गप्प राहून हात वर केला तर धावत येतो.

परवा त्यांच्या दारात मी गप्पच उभी होते, हात वर करून. तो हसत निघाला... आणि मध्येच किंचाळून मागे पळाला.

आतून हर्षला म्हणाली, "ताय, कशाला हाक मारतेस त्याला? तुला माहीत हाय ना, तो घाबरतो."