काळ्या जाळीखालचा चहा

यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला ना, तर माजं नाव बदलून ठेव. बस हितं. कामशेतच्या पल्याड, औंढे गावाच्या वरच्या अंगाला मीरा मॅडमची चहाची नर्सरी हाय. तितं मी आन माजी मैतरीन हौसा पाला खुडायचो. हात कामात, तोंड मोकळं. मग किस्से साचायचेच, धान्याच्या कनगीच्या तळाला तूस साचतंय तसे.

मॅडमनी पयल्या दिशी रोपं दावली. "मावशी, हा चहा."

हौसानं पान चुरगाळून नाकाला लावलं. "मॅडम, कुनीतरी फशिवलं तुमाला. चहाला लांब पाती आसत्यात."

आमच्यात चहा म्हंजी परसातला गवती चहा! दुसऱ्या दिशी हौसानं घरनं त्याचं ठोंब आनून रोपांच्या वळीच्या कडंनं लावलं. मॅडम आल्या आन वास घेत थांबल्या. "हा सुगंध कुठून येतोय?"

मी म्हनलं, "उजेडाचा आसंल."

बिचारी अख्खी दुपार मशीन घिऊन उजेड मोजीत फिरली.

*

काम उजेडाचंच व्हतं म्हना. एक वळ उघड्या उन्हात, एक हिरव्या जाळीखाली, एक काळ्या. मॅडम सांगायच्या, "उन्हातलं पान जाड आणि कडसर होतं. सावलीतल्या पानाला उजेड कमी पडतो, म्हणून ते पसरतं, गडद होतं, मिळेल तेवढा उजेड धरून ठेवतं. मग कडवटपणा कमी होतो आणि वास गोड येतो."

हौसा म्हनली, "म्हंजी उपाशी ऱ्हायलं की वास येतो?"

"तसंच काहीसं."

"मग माजी जाव संकष्टी धरती, तिला का न्हाई येत?"

*

एकदा पुन्याचे साहेब आले, चव बघाया. फुर्रकन घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आन बादलीत थुकायचा. हौसा बघत व्हती. तिसऱ्या कपाला तिनं बादलीच उचलली.

"साहेब, आमच्यात पाव्हन्यानं चहा थुकला तर सोयरीक मोडती."

साहेबांनी तो घोट गिळला. पुढचे समदे गिळले.

*

मग हौसाचा मालक वारला आन तिचा पोरगा, दत्ता, तिला चिंचवडला घिऊन गेला. फ्लॅट, लिफ्ट, समदं. हितं तिची वळ रिकामी. मी तिची टोपली शेजारी ठेवून तिच्याशी बोलत खुडायचे. मॅडमनी दोनदा ऐकलं आन टोपली तितंच ऱ्हाऊ दिली.

फोन करायचे मी, आवाज बदलून. "हॅलो, ब्यांकेतनं बोलतीया. तुमचं एटीएम बंद झालंय."

"बरं झालं," ती म्हनायची. "आज उजेड कसाय?"

"ढगाळलंय."

"म्हंजी काळ्या जाळीला वास सुटंल. हितं समदा उजेड समोरच्या बिल्डिंगीला हाय गं. मी गॅलरीत खुर्ची सरकवीत बसती."

एकदा कामशेतहून चिंचवडला जानाऱ्या एका बाईकडं पाल्याची पुडी दिली. सांजच्याला हौसाचा फोन आला. "पोचली. पर वास वाटंतच उतरला."

त्या दिशी मला आवाज बदलाया जमलं न्हाई.

*

परवा दत्ता तिला घिऊन आला. म्हनला, तासभर भेटून जाऊ. हौसा कुनाशी न बोलता सरळ काळ्या जाळीखाली शिरली आन वळीत फतकल मारून बसली. जरा येळानं भायेर हॉर्न.

"आई, चल. ट्राफिक लागंल."

आतनं आवाज आला, "दत्ता, काळ्या जाळीखाली ठेवलेलं पान गडद होईस्तवर भायेर काडायचं न्हाई. हितला नेम हाय."

दत्ता मॅडमकडं बघाया लागला. "खरंय का?"

मॅडम वाकून जाळीचं टोक बांधीत व्हत्या. "हो. मध्येच उन्हात काढलं तर पान करपतं."

"मग किती दिवस?"

"ते पानावर आहे."

दत्तानं आत वाकून बघितलं. आई त्याच्याकडं बघतच नव्हती, पाला खुडत व्हती. त्यानं जाऊन गाडी बंद केली आन बायकोला फोन लावला.

"हॅलो, अगं, आईला जाळीखाली ठेवलंय... न्हाई, आज न्हाई काडता येत... कधी म्हंजी? पानावर हाय ते."

जा आता तू. लय बसलास.