माझं अळणं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवाला नाही — देवाला माहीत असणारच, पण मी होऊन कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. गावात सांगून आता कुणाला पटणारही नाही. आमच्या खापर गावात अजून नव्या सुनांना माझं उदाहरण देतात — नवऱ्यासाठी हिनं मीठ सोडलं होतं, बघा. त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघतात, वाकून नमस्कार करतात. मी पदर सावरते आणि आशीर्वाद देते.

मी मूळची ब्राह्मणपुरीची, लग्न होऊन खापरला आले. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. आम्हाला मूल झालं नाही. हे आधीच सांगून ठेवते — सबब म्हणून नव्हे. पण मूल नसलेल्या बाईला ओटी भरायला कुणी पुढे करत नाही. डोहाळजेवण असलं की तिला नेमकं चुलीपाशी काम निघतं. मला त्याचं वाईट वाटायचं. वाईट कसलं — जळायचे मी.

आमचे हे अंगानं दणकट, बोलायला मिश्कील. एका दिवाळीनंतर त्यांना चालताना धाप लागायला लागली. मग पाय सुजले. पोटरीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायचे. बैलांची दमणी जुंपून त्यांना नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, हृदय थकलं आहे, अंगात पाणी साठतं आहे. थेंब मोजून घ्यायचं औषध दिलं आणि वर सांगितलं — मीठ बंद. कमी नव्हे, बंद. मीठ पाणी धरून ठेवतं.

परतताना हे बैलांकडे बघून म्हणाले, "बैललेबी मीठ भेटस, माले मातर बंद!" सगळे हसलो. घरी पोचल्यावर कळलं की हसण्यासारखं काही नव्हतं.

तुम्ही कधी पाहिलंय का, मीठ कुठे कुठे असतं ते? भाकरीच्या पिठात. वरणात. मिरचीच्या ठेच्यात तर मिरचीइतकंच. पापड, बिबडे, कुरडया — आमच्याकडे उन्हाळाभर बायका जे वाळवतात ते सगळं मिठाचं आणि खाराचं. लोणचं तर विचारूच नका. अख्ख्या घरात नवऱ्याला देता येईल असं मला पहिल्या दिवशी दूध आणि केळं सोडून काही सापडलं नाही. सासूबाईंनी सैंधवाचा खडा काढला. म्हणाल्या, "सैंधव म्हंजे मीठ नई. उपासले चालस, मंग पोऱ्याले का बरं चालाव नई?" त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. देवाला चालतं ते डॉक्टरला का चालत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण मी सैंधव घरात शिजू दिलं नाही. तेवढी मी पक्की होते. हेही सांगायला हवं ना — मी काही सुरुवातीपासून वाईट नव्हते.

उलट मला त्याचा नादच लागला. खापरच्या बाजारात डोंगरातल्या बायका आमचूर घेऊन यायच्या, कैरीच्या फोडी नुसत्या उन्हात वाळवलेल्या, मिठाचं बोट न लागलेल्या. त्यांतली रुमलीबाई माझ्या ओळखीची झाली. ती पैसे मागायची नाही. "तू मीठ दे, मी आमचूर देस," म्हणायची. तिच्या घरी मीठ पुरत नव्हतं, माझ्या घरी ते नको झालं होतं. मी आमचूर कुटून वरणात घातलं. अंबाडी लसणावर परतली. तीळ भाजून वाटले, लाल मिरची निखाऱ्यावर जाळून घेतली. आंबट आणि तिखट एकत्र आलं की जीभ थोडा वेळ फसते. थोडाच वेळ.

पण हे खाईनात. चेष्टा करायचे, दोन घास चिवडायचे आणि ताट सरकवायचे. अंग उतरलं. दीर म्हणाले, असा उपाशी राहिला तर औषध कशाला लागू पडेल? आणि मग एका सकाळी देवापुढे सगळे उभे असताना मी बोलून गेले — हे बरे होऊन आपल्या पायांनी शेतात जाईपर्यंत मीही मीठ तोंडात घालणार नाही. आमच्याकडे पोरी लग्नाआधी अळण्याचं व्रत करतात, चार-पाच दिवस मिठाशिवाय जेवतात. पण मुदत न घालता अळणं कुणी धरलेलं ऐकलं नव्हतं. मी प्रेमानं बोलले की सगळे बघत होते म्हणून बोलले? दोन्ही असेल. तेव्हा मला विचारलं असतं तर मी प्रेम म्हटलं असतं.

उपाय लागू पडला. माझ्या ताटातही तेच अळणं आहे म्हटल्यावर हे गप्प जेवायला लागले. सूज ओसरली. धाप कमी झाली. आणि गावभर झालं. ज्या बायकांनी मला चुलीपाशी बसवलं होतं त्या मला पाटावर बसवायला लागल्या. एका घरच्या बारशात पहिली ओटी माझी भरली. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. वर चांगलं वाटत होतं.

आता सांगते.

मी ते अळणं महिनाभरही पाळलं नाही. रुमलीबाईला मीठ द्यायला मडक्यात हात घातला होता. खडा बोटाला चिकटला — तो मी जिभेवर ठेवला. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग लोणच्याची फोड. मग जावेच्या मुलांच्या ताटात उरलेला ठेचा. वाढणारी मीच, झाकणारी मीच — आपला हात जगन्नाथ. जेवायला मात्र यांच्यासमोर अळणं घेऊन बसायचे आणि ओढूनताणून घास गिळल्यासारखं करायचे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी डोळे उघडे ठेवून प्यायले. माझं अंग उतरलं नाही, तर बायका म्हणायच्या, व्रताचं तेज आहे.

हे इतकंच असतं तर मी तुम्हाला थांबवून ठेवलं नसतं. चोरून खाल्लेलं लोणचं — कोणत्या सुना खात नाहीत?

पण यांना माझी दया यायला लागली. तुम्हाला कळतंय का? मी एवढं सुंदर सोंग केलं की त्यांना ते बघवेना. "तू खाई ले व. मन्हासाठे कसाले जीव जाळस?" असं ते रोज म्हणायचे. मी रोज मान हलवायचे, नाही म्हणून. तेव्हा सांगितलं असतं तर? ते हसले असते. बहुतेक खूप हसले असते आणि जन्मभर मला चिडवलं असतं. त्या चिडवण्याची मला भीती नव्हती. मला त्या पाटाची काळजी होती.

एका दुपारी मी गोठ्याच्या कुडामागे शेण गोळा करत होते. पलीकडे दोघे भाऊ बसले होते. हे म्हणाले, "भाऊ, ती मीठबिगर वाळी ऱ्हायनी. मन्हं काय व्हई ते व्हई. मी बरा शे असं सांगी देस. मंग ती अळनं सोडी." दीर काहीतरी पुटपुटले, पायांकडे बोट दाखवलं असावं. हे म्हणाले, "धोतर लांब नेसस. कोन पाहस? तू मातर कोनले सांगू नको."

मी ते शब्द न् शब्द ऐकले. शेणाचा गोळा हातात तसाच होता. त्याच संध्याकाळी पाय चेपताना मी पोटरीवर बोट दाबलं. खळगा पडला. सूज परत आली होती, आणि ती लपवून ते हसत मला म्हणाले, बघ, कसे हलके वाटतात पाय. मी म्हणाले, हो, हलके वाटतात.

त्या वेळी दोन वाक्यं पुरली असती. सोंग बंद करा, मी केव्हाचीच मीठ खाते आहे. ओठांवर आलीही होती. पण मग दिरांना कळलं असतं, जावेला कळलं असतं, आणि जावेला कळलं म्हणजे गावाला. मी मनाशी म्हटलं — बरं झाल्याचं दाखवायला थोडे दिवस मीठ खातील, पुन्हा बंद करू, औषध आहेच. असं म्हणताना मला माहीत होतं की ते खोटं आहे. डॉक्टरांनी 'कमी नव्हे, बंद' म्हटलं होतं तेव्हा मी शेजारीच उभी होते.

ते लांब धोतर नेसून सगळ्यांदेखत शेतात गेले. चालताना थांबत होते, तेव्हा पिकाकडे बघत असल्यासारखं करत होते. परत आल्यावर माझं अळणं सुटलं. पुरण घातलं, भाऊबंद जेवायला बोलावले. व्रत सोडताना दोघांनी एका ताटात जेवायचं असतं, म्हणून यांनीही मीठ घातलेली आमटी घेतली आणि पहिला घास मला स्वतःच्या हातानं भरवला. मला रडू आलं. बायका म्हणाल्या, किती दिवसांनी चव लागली तिला! मी रडत होते ते कशासाठी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. लाज होती, भीती होती. आणि आमटीत मीठ जरा जास्त झालंय, हेही कळत होतं.

मग एकाच चुलीवर एकच स्वयंपाक. बऱ्या झालेल्या माणसासाठी वेगळं भांडं कसं ठेवायचं? त्यांनी वेगळं मागितलं तर मी पुन्हा व्रत धरेन, असं त्यांना वाटत होतं. म्हणून ते मुकाट्यानं सगळ्यांसारखं जेवायचे. मीच वाढायचे.

उन्हाळा संपता संपता ते पुन्हा भिंतीला टेकून झोपायला लागले. सूज मांडीपर्यंत चढली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी रागावून विचारलं, मीठ कुणी सुरू केलं? यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, मीच, मला राहवलं नाही. डॉक्टर त्यांना खूप बोलले. ते ओशाळल्यासारखं हसले. मी बाजूला उभी होते, पदर डोक्यावरून घेऊन.

शेवटचे दिवस त्यांचं ताट पुन्हा अळणं झालं, पण माझं होऊ देत नव्हते. मी समोर बसून मीठ घातलेलं जेवायचं, अशी त्यांनी मला शपथ घातली. मी जेवायचे. ते उशीला टेकून बघत राहायचे आणि त्यांना बरं वाटायचं. माझ्या तोंडाला चव आली, यात त्यांनी समाधान मानलं. पाऊस लागला, आणि एका सकाळी ते गेले.

बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बायका माझ्याभोवती बसल्या होत्या, कुणी माझा हात धरून होतं. सासूबाई मध्ये होत्या. रडून त्यांचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "मन्हा पोऱ्याले जिभवर ताबा नई ऱ्हायना. सूननी त्यानासाठे कितलं करं!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं — मी काहीतरी म्हणेन, त्यांच्या मुलाची बाजू घेईन, असं त्यांना वाटलं असावं.

मी मान हलवली. हो म्हणून.

पुढे बरीच वर्षं त्या जगल्या. आपला मुलगा खादाडपणानं गेला, असं मानूनच गेल्या.