वन्संचा ताल

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे आमच्या अंबाजोगाईत एका शाळेच्या मैदानावर गाणं असतं. अगदी उघड्यावर. स्टेजवर तेवढं कापड, बाकी वर आभाळ. पुढे जाजमं अंथरलेली असतात, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माणसं अंघोळी करून, अंगाला उटण्याचा वास घेऊनच येतात आणि ऊन चढेपर्यंत बसतात. आम्ही दोघं तिथं वर्षानुवर्षं जात होतो. आधी जाजमावर बसायचो, पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा खुर्च्यांवर आलो. घरी परतल्यावर मी यांना ओवाळायची आणि मग फराळ व्हायचा.

त्याच मैदानावर, दोन दिवाळ्यांपूर्वी, गाणं चालू असताना यांना पक्षाघाताचा झटका आला.

हे स्वतः गाणं शिकलेले नव्हते. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नोकरी झाली आणि घरात पेटी कधी आली नाही. पण ताल मात्र पक्का होता. डोळे मिटून ऐकायचे आणि समेवर, म्हणजे तालाचं आवर्तन फिरून जिथं पहिल्या मात्रेवर येतं तिथं, शालीखाली माझ्या मनगटावर बोट टेकवायचे. चारचौघांत दिसणार नाही असं. मला सम कळायची ती त्या बोटामुळे. मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, मला शब्द कळतात. तालाचं काम मी यांच्यावर सोपवलं होतं.

त्या पहाटे बोट समेच्या आधीच पडलं. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुढच्या आवर्तनात ते उशिरा पडलं, आणि नीट पडलंही नाही, घसरल्यासारखं झालं. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड शांत होतं. शेजारचे एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "समाधी लागली बघा यांना."

मी लगेच उठले. माणसं धावली, दवाखाना जवळच होता. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलंत, चांगलं केलंत." तरीही हे गेले. आठवडाही निघाला नाही.

तेव्हापासून मला एका गोष्टीची भीती बसली, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाचा ताल चुकला की तो जाणार, आणि ते सगळ्यांच्या आधी मला कळणार, आणि कळूनही काही उपयोग होणार नाही. घरातल्या पंख्याची टकटक मध्येच थांबली तरी मी पुस्तकातून मान वर करायची. दूधवाला रोज दोनदा कडी वाजवतो. एकदा त्यानं तीनदा वाजवली, तर मी दार उघडून आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाणं मी बंदच करून टाकलं. रेडिओवर कापड टाकलं. वाचायला गाण्यासारखी सोबत लागत नाही, म्हणून वाचत राहिले.

पहिल्या दिवाळीला सण नव्हताच. दुसऱ्या दिवाळीला, पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी, वन्सं दारात उभ्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. गेवराई तालुक्यातल्या उमापूरला दिलेली. शेती आहे, शेळ्या आहेत, ऐंशीला टेकल्या तरी शेळ्यांमागे त्याच जातात. दर वर्षी भाऊबीजेला भावाकडे यायच्या, आणि दोन दिवस आधीच यायच्या, कारण त्यांनाही ते पहाटेचं गाणं ऐकायचं असायचं. हे गेले त्या वर्षी तेवढं त्यांचं येणं राहून गेलं होतं. आता भाऊ नव्हता. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. आत ज्वारीचं पीठ, शेंगा आणि फडक्यात बांधलेल्या करंज्या होत्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "उद्या गान्याला जायचं हाय ना?"

"आता कशाला, वन्सं."

"आता कशाला म्हंजे? माझा भाऊ गेला. गानंबी गेलं का?"

"मला भीती वाटते."

"कशाची?"

खरं सांगवेना. मी म्हणाले, "गर्दीची."

"शाळेत पोरींच्या गर्दीत जलम काढला, अन् म्हाताऱ्यांच्या गर्दीला भेतीस? चावतेत का ती? दात हायेत का कुनाला?"

त्यांना स्वतःला समोरचा एकही दात नव्हता. मी हसले, पण जायचं नाही हे मनात पक्कं होतं. संध्याकाळी मी भाकरी करत होते आणि त्या उंबऱ्यापाशी बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "परवा भाऊबीज. औंदा मला चंद्रालाच ओवाळायचं हाय. गेल्या वर्साला तेबी न्हाई केलं. मास्तरीण, मला तेवढं गानं तरी ऐकू दे."

भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल. कोणी ते असं उंबऱ्यात बसून म्हणताना ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "जाऊ."

हो म्हटलं आणि भीती दुप्पट झाली. कारण आता शेजारी वन्सं बसणार होत्या. वय ऐंशीचं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्याही आठवण झाली तर घेतलेल्या.

"गोळी घेतली का?"

"घेतली."

"कोणती? पांढरी का गुलाबी?"

"तोंडात गेल्यावर रंग कुठला बघू? तू डागदर हायेस का मास्तरीण?"

मी त्यांच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये ठेवल्या. फोन पूर्ण चार्ज केला. ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगितलं की पहाटे ये आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत फाटकाशीच उभा राहा. तो म्हणाला, "मावशी, सनासुदीचं इतका वेळ उभं राहून काय करू?" मी म्हणाले, "गाणं ऐक."

पहाटे चांगलाच गारठा होता. कुठं कुठं फटाके वाजत होते आणि दर फटाक्याला मी वन्संचा दंड धरत होते. त्यांनी जाडजूड शाल पार कानावरून घेतली होती. मैदानात शिरताच म्हणाल्या, "आपन तिघं बसायचो, तिथंच बसू."

"तिथं जागा नसेल," मी न पाहताच म्हणाले, आणि त्यांना शेवटच्या रांगेत, फाटकाला लागून असलेल्या खुर्चीवर बसवलं. मध्ये खुर्च्या नाहीत, जाजम नाही, सरळ बाहेर पडता येईल अशी वाट. रिक्षा तिथून दिसत होती. मी ती दोनदा पाहून घेतली.

एक बाई अत्तराचा फाया घेऊन रांगेरांगेनं फिरत होती. वन्संनी हाताच्या मागे अत्तर लावून घेतलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "भावाच्या अंगाला यायचा असा वास. या दिवशी." स्टेजवर तंबोरे लागत होते. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते. आनंद व्हायला हवा होता. मी पर्समधल्या गोळ्या चाचपून पाहिल्या.

गाणारी मुलगी तरुण होती, बाहेरगावची. तिनं अहिरभैरव सुरू केला, अगदी संथ. तबला आला आणि वन्संनी डोळे मिटले. मग शालीतून त्यांचा उजवा हात बाहेर आला आणि गुडघ्यावर पडू लागला.

इतकी वर्षं आम्ही तिघं ओळीनं बसायचो, हे मध्ये. वन्संचा हात मला कधी दिसला नव्हता. यांना मात्र दिसायचा. घरी येऊन हे चेष्टा करायचे, "अक्काचा ताल म्हणजे आसाची खीळ निसटलेलं गाडीचं चाक. कुठं जाईल सांगता येत नाही." वन्सं म्हणायच्या, "मला आवडलं की मी मारते." हे सगळं मला आठवत होतं. आठवूनही माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हात समेच्या आधी पडत होता, नंतर पडत होता, मध्येच दोनदा पडत होता. प्रत्येक वेळी माझं मनगट आपोआप आखडत होतं. मी स्वतःला समजावत होते, यांचा हात चुकत नसे म्हणून ते चुकणं वेगळं होतं, वन्संचा जन्मापासून चुकतो. विचार बरोबर होता. अंगाला तो पटत नव्हता.

गाणं मी ऐकतच नव्हते. मी हात ऐकत होते.

मग तो हात थांबला.

संथ तालात एका समेपासून दुसरी सम फार लांब असते. त्या अंतरात किती विचार येतात, हे आधी मला माहीत नव्हतं, कारण तेव्हा मनगटावर बोट असायचं. मी पुढच्या समेची वाट पाहिली. पुढे बसलेल्या माणसांच्या माना डोलल्या, म्हणजे सम आली असणार. वन्संचा हात गुडघ्यावर उपडा पडून होता. मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं. छाती वरखाली होते का ते शालीमुळे दिसेना. अजून नीट उजाडलं नव्हतं.

"वन्सं," मी हळूच म्हणाले.

काही नाही.

मी खांदा धरून हलवला आणि मोठ्यानं म्हणाले, "वन्सं, अहो वन्सं."

पुढच्या दोन रांगा वळून पाहायला लागल्या. वन्संनी एक डोळा उघडला. "काय झालं? संपलं का?"

"दोन्ही हात वर करा."

"आं?"

"हात वर करा. दोन्ही. लवकर." दवाखान्यात डॉक्टरांनी यांना तसं करायला सांगितलं होतं, तेव्हा एकच हात वर आला होता.

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, वन्संनी मुकाट्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले. दोन्ही सारखे वर गेले. नेमकी तेव्हाच त्या मुलीची तान संपून समेवर आली होती. तिनं स्टेजवरून शेवटच्या रांगेतली ती दाद पाहिली, आणि छातीशी हात नेऊन वाकून नमस्कार केला. सगळं मैदान आमच्याकडे वळलं.

"आता हसून दाखवा," मी म्हणाले.

वन्सं हसल्या. ते हसू सरळ आहे का वाकडं, हे मला ठरवता येईना, कारण दातच नव्हते.

"हात खाली घेऊ का?" त्यांनी विचारलं. "दुखायलेत."

पुढचे एक काका शू म्हणाले. वन्संनी हात खाली घेतले, पर्सवर आवळलेली माझी बोटं पाहिली, मग फाटकाकडे पाहिलं. रिक्षा उभीच होती. हळू आवाजात म्हणाल्या, "ही रिक्षा माझ्यासाठी थांबवलीस व्हय? मी मरन म्हून?"

मी पर्सवरची बोटं सोडवली.

"नुसता डोळा लागलता गं. दोन एष्ट्या बदलून आलते काल." मग त्यांनी शाल पुन्हा कानावर ओढून घेतली. स्टेजवर लय वाढत होती. शेवटी विचारलं, "त्याला इथंच झालतं. कसं झालतं, ते तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"हात चुकला," मी म्हणाले. "सम चुकली. आधी तेवढंच."

वन्संनी गुडघ्यावरचा आपला हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "मंग माझा तर जल्माचा चुकतोय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, तरी तोंडावर हसूच होतं, तेच, बिनदाताचं. भावाचं शेवटचं ऐकणं त्यांना आत्ता कळलं होतं, आणि तेही मी असं भर मैदानात, हात वर करायला लावून सांगितलं होतं.

त्यांनी माझा हात ओढून आपल्या शालीखाली घेतला. मनगट चाचपलं आणि त्यावर बोट ठेवलं. खरखरीत, गार बोट.

"आता माझ्या तोंडाकडं बघत बसू नको. गानं ऐक. हे चुकत राहिलं की समज, म्हातारी जित्ती हाय."

पूर्वेकडे उजाडू लागलं होतं. शाळेच्या भिंतीवरची अक्षरं दिसायला लागली. मुलीनं दुसरा राग घेतला, तोडी असावा, हे असते तर सांगितलं असतं. वन्संचं बोट माझ्या मनगटावर पडत होतं, कुठंही, कसंही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती तिथंच होती, फाटकाशी, रिक्षेसारखी. पण मधून मधून मला गाणं ऐकू येऊ लागलं. एखादा स्वर, मग तीन-चार सलग, मग परत बोट.

आणि एकदा, जलद लयीत, तबल्यानं तिहाई घेतली, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आला, सगळ्या मैदानाचे हात एकदम उचलले गेले, आणि वन्संचं बोट बरोबर समेवर पडलं. अगदी यांचं पडायचं तसं.

मी वळून पाहिलं. वन्सं डोळे मिटून होत्या, चेहरा शांत. मी पुढच्या समेची वाट पाहू लागले. सम आली, माना डोलल्या, सम गेली. मनगटावर काहीच नाही.

मग कितीतरी वेळानं, भलत्याच ठिकाणी, बोट पडलं.